नवव्या सायकलवाल्याला कोण सांगणार?

या महिन्यात तीन लांब पत्रं एकाच विषयावर आली, खेळाच्या मैदानात शिरून केलेल्या आंदोलनांवर, आणि चौथं दोन ओळींचं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, आम्ही कॉलेजमधले सहाजण नदीवर काम करतो. ज्या कंपनीचं सांडपाणी गेली दोन वर्षं नदीत सुटतंय, तीच यंदाच्या सायकल शर्यतीची मुख्य प्रायोजक आहे. अर्ज, निवेदनं, पाण्याचे नमुने, बातम्या, सगळं करून झालं. आता शर्यतीच्या दिवशी मार्गावर बसायचं चाललंय. गटात दोन तट पडलेत. माझी मैत्रीण म्हणते, एमिली डेव्हिसन घोड्यासमोर गेली नसती तर आज तिचं नाव कुणी घेतलं असतं का? मला काही तिला उत्तर देता येत नाही, आणि झोपही येत नाही. — एक विद्यार्थी (नाव छापू नका)

उत्तर : नाव छापत नाही. आणि तुला ‘तू’ म्हणते, चालेल ना?

माझा कल आधीच सांगून टाकते. मी अकरा वर्षं रस्त्यावरच्या सायकल शर्यतींत मार्शल म्हणून उभी राहिले आहे. मार्शल म्हणजे हातात झेंडा, तोंडात शिट्टी घेऊन वळणावर उन्हात उभं राहणारं माणूस. मोबदला एक टी-शर्ट, तोही दोन साइज मोठा. तेव्हा मी रस्त्याकडे सायकलवाल्यांच्या बाजूने बघते, हे धरूनच पुढचं वाच.

एकदा माझी नेमणूक एका उताराच्या शेवटी, डाव्या वळणावर होती. पुढे निसटलेले चौघे गेले, त्यांच्यामागची गाडी गेली, आणि रस्ता मोकळा दिसायला लागला. एक आजोबा पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला उतरले. त्यांना वाटलं, झालं, संपलं. मुख्य घोळका अजून यायचा होता. घोळका दिसण्याआधी ऐकू येतो, पत्र्यावर लांबून सर येत जावी तसा. मी शिट्टी मारली. आजोबा थांबले, बरोब्बर रस्त्याच्या मधोमध, आणि माझ्याकडे बघत राहिले. शिट्टी ऐकली की माणूस पळत नाही, जागच्या जागी थिजतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी धावत जाऊन त्यांना शर्टाला धरून ओढलं. पहिल्या सायकलवाल्याने त्यांना पाहिलं होतं. तो सफाईने उजवीकडून निघून गेला. दुसरा गेला, तिसरा गेला. पडले ते आठवा आणि नववा.

नवव्याचं कॉलरबोन मोडलं. पाठीवरच्या नंबराची एक सेफ्टी पिन उघडून त्याच्या कातडीत रुतली होती, ती मी काढली. ॲम्ब्युलन्सची वाट बघताना त्याने मला विचारलं, “झालं काय?” त्याने आजोबांना पाहिलंच नव्हतं. पुढच्याचं मागचं चाक, एवढंच त्याला दिसत होतं.

शर्यतीत असंच असतं. पुढच्याच्या आडोशाला वारा कमी लागतो म्हणून मागचा त्याच्या चाकाला वीतभर अंतर ठेवून चिकटलेला असतो. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. ‘अरे, कुणीतरी बसलंय’ हे पहिल्याच्या लक्षात येऊन त्याने ब्रेक दाबेपर्यंत मागच्याच्या हातात काही उरलेलं नसतं. तुम्ही सहाजण रस्त्यावर बसाल तेव्हा जिवाची जोखीम घेतोय असं तुम्हाला वाटेल, आणि ते खोटं नाही. पण नवव्याच्या जिवाची जोखीमही तुम्हीच घेत असाल, आणि त्याला कुणी विचारलेलं नसेल.

आता तुझ्या मैत्रिणीच्या डेव्हिसनकडे येते. ब्रिटनमध्ये बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून ती लढत होती. 4 जून 1913, एप्सम डर्बी, म्हणजे घोड्यांची शर्यत. ती कठड्याखालून धावपट्टीवर शिरली तेव्हा काही घोडे आधीच पुढे गेलेले होते. राजा पाचव्या जॉर्जचा घोडा ॲनमर तिला धडकला. चार दिवसांनी ती गेली. सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात. घोड्यावर हर्बर्ट जोन्स नावाचा जॉकी होता. तोही फेकला गेला, डोक्याला मार लागला. त्या दिवशीच्या फिल्ममध्ये सगळं दोन-चार सेकंदांत उरकतं. डेव्हिसनच्या पर्समध्ये परतीचं रेल्वे तिकीट सापडलं होतं. म्हणजे मरायचंच ठरवून ती गेली होती, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. मैत्रिणीला सांग, डेव्हिसन मोठीच होती. तुरुंगात तिने उपोषणं केली, बळजबरीने नळीतून अन्न घालून घेतलं, तिच्या धैर्याबद्दल मी कोण बोलणार? पण तिचं नाव घेताना जोन्सचंही घ्यायला हवं.

तू म्हणशील, आम्ही नीट आखणी करू. आखणीबद्दल मला म्युनिक आठवतं. 15 जून 2021, युरो स्पर्धेतला फ्रान्स-जर्मनी सामना. ग्रीनपीसचा एक माणूस मोटर लावलेल्या पॅराग्लायडरने स्टेडियमवर आला. त्याला खाली उतरायचंसुद्धा नव्हतं. प्रायोजक मोटार कंपनीसाठी संदेश लिहिलेला एक मोठा चेंडू खाली सोडायचा आणि निघून जायचं, एवढाच बेत. मैदानावर टांगलेल्या कॅमेऱ्याच्या तारांना तो अडकला, भेलकांडत प्रेक्षकांच्या डोक्यांवरून गेला आणि मैदानात आदळला. दोघांना इस्पितळात न्यावं लागलं. संस्थेने माफी मागितली. नंतर बव्हेरियाच्या गृहमंत्र्यांनी सांगितलं की नेमबाजांनी त्याच्यावर नेम धरला होता. ग्रीनपीसचं नाव दिसलं म्हणून गोळी सुटली नाही. अनुभवी संघटना, साधा बेत, आणि सगळं एका तारेवर फिसकटलं. शिवाय दुसऱ्या दिवशी मोटार कंपनीबद्दल कोण बोलत होतं? सगळी चर्चा तारेची.

सिल्व्हरस्टोनचं 2022 मधलं प्रकरण तुमच्या गटात कुणीतरी काढेलच, ‘तिथे तर कुणाला काही झालं नाही’ म्हणून. खनिज तेलाविरुद्ध लढणाऱ्या जस्ट स्टॉप ऑइलचे आंदोलक फॉर्म्युला वनच्या ट्रॅकवर पहिल्याच फेरीत जाऊन बसले. काही झालं नाही, कारण सुरुवातीलाच झोऊ ग्वानयूच्या गाडीचा भयंकर अपघात होऊन लाल झेंडा पडला होता आणि गाड्या मंदावलेल्या होत्या. दुसऱ्याच्या अपघाताने तुम्हाला वाचवावं, याला मी आखणी म्हणणार नाही. त्या प्रकरणात सहाजण पुढे कोर्टात दोषी ठरले.

‘मग चालत्या शर्यतीत नको, सुरू होण्याआधीच बसू.’ हा विचार पुष्कळ बरा. थांबलेल्या खेळात शिरणं आणि धावत्या खेळात शिरणं, यांत मी फार मोठा फरक करते. तरी तेही पूर्ण निर्धोक नसतं. 2023 च्या ग्रँड नॅशनलला, म्हणजे इंग्लंडमधल्या घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीला, प्राणिहक्कवाल्यांमुळे शर्यत साधारण पाव तास उशिरा सुटली, 118 जणांना अटक झाली. पहिल्याच अडथळ्यावर हिल सिक्स्टीन नावाचा घोडा पडून मेला. त्याचा ट्रेनर म्हणाला, उशिरामुळे घोडा बिथरला, दोष आंदोलकांचा. आंदोलक म्हणाले, घोडे मारते ती शर्यतच, आम्ही नव्हे. मला स्वतःला आंदोलकांचं म्हणणं अधिक पटतं. तीन दिवसांच्या त्या मेळाव्यात आणखी दोन घोडे गेले होते. पण तो वाद त्यांना एका मेलेल्या घोड्यावर उभं राहून घालावा लागला, आणि त्यात ते जिंकले असं मला वाटत नाही.

तुझ्या बाजूचीही एक गोष्ट आहे, ती लपवत नाही. तुमचा मुद्दा आणि ती शर्यत यांचा थेट संबंध आहे. हवामानबदलासाठी विम्बल्डनच्या हिरवळीवर रंगीत कागद उधळणाऱ्याला ‘टेनिसने काय घोडं मारलंय?’ हे आधी समजावून सांगावं लागतं. तुम्हाला लागणार नाही. कंपनी त्या शर्यतीतून आपलं नाव धुऊन घेतेय, आणि ते धुणं अडवायचा तुम्हाला हक्क आहे असं मी मानते. प्रश्न एवढाच, की कंपनी त्या दिवशी असते कुठे? रस्त्यावर ती नसते. घामाघूम, निम्मे उधारीच्या सायकलींवर आलेले पोरगे असतात रस्त्यावर. कंपनी असते बक्षीस समारंभाच्या स्टेजवर, मागे नावाचा फलक लावून, इस्त्रीच्या शर्टात. त्या वेळी कुणी ताशी 50 ने जात नसतं. सगळे कॅमेरे तिकडेच वळलेले असतात. तिथे नदीच्या पाण्याची एक बाटली घेऊन सहाजण शांत उभे राहिलात तर कुणाचं कॉलरबोन मोडत नाही, आणि साहेबांना पाण्याकडे बघावं लागतं. बाटलीचं झाकण घट्ट लावा. कुणावर ओतू नका, नाहीतर बातमी शर्टाची होईल.

आणखी एक कर. शर्यतीच्या दोन आठवडे आधी सायकलवाल्यांना भेट. नदी त्यांच्याही गावातून जात असेल. दंडाला काळी फीत बांधायला दोघे-चौघे तयार झाले, तर तुमच्या सहाजणांच्या बसण्यापेक्षा ते जड पडेल. 10 फेब्रुवारी 2003 ला हरारेत झिम्बाब्वेचे क्रिकेटपटू अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा काळ्या फिती लावून खेळायला उतरले, देशातल्या लोकशाहीच्या मृत्यूचा शोक म्हणून. सामना एक मिनिटही थांबला नाही. दोघांचीही झिम्बाब्वेकडून खेळायची कारकीर्द त्या विश्वचषकाबरोबर संपली, ओलोंगाला तर देश सोडावा लागला. किंमत त्यांनी मोजली, आणि स्वतःचीच मोजली.

काहीही ठरलं तरी वकिलाला आधी भेटा, नंतर नव्हे. लंडनच्या बोट रेसमध्ये 2012 साली नदीत उडी घेऊन शर्यत थांबवणाऱ्याला सहा महिन्यांची कैद झाली होती.

प्रश्न : माझी मुलगी अर्धमॅरेथॉन धावते. निवड चाचणीच्या शर्यतीत आंदोलक मध्ये आले, धावणारे अडकले, आणि तिची पात्रता वेळ चार सेकंदांनी हुकली. घरीदारी सगळे सांगतात, त्यांचा मुद्दा बरोबर होता, तिने मोठ्या मनाने घ्यावं. ती मात्र धुमसतेय. तिला कसं समजावू? — एक आई

उत्तर : समजवायला कशाला जाताय? धुमसू द्या की.

मुद्दा बरोबर असला म्हणून तिचे चार सेकंद परत येत नाहीत. मोठं मन हे ज्याचं त्याने दाखवायचं असतं, दुसऱ्याकडून वसूल करायचं नसतं. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये ब्राझीलचा वांडरले द लिमा सर्वांत पुढे होता. 35 किलोमीटरच्या आसपास एक माजी धर्मगुरू रस्त्यात घुसला आणि त्याने द लिमाला मिठी मारून थेट गर्दीत ढकललं. हाच माणूस आदल्या वर्षी सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर धावत्या गाड्यांसमोर गेला होता. एका प्रेक्षकाने द लिमाला सोडवलं. पुन्हा धावायला लागला तेव्हाचा त्याचा चेहरा बघवत नाही. इतका वेळ घड्याळासारखे पडणारे पाय आता शोधत शोधत पडतात. तो तिसरा आला, 2 तास 12 मिनिटं 11 सेकंद. इटलीचा बाल्दिनी सव्वा मिनिट आधी पोचून जिंकला. शेवटच्या सरळ रेषेत द लिमा दोन्ही हात विमानासारखे पसरून हसत आला. पुढे त्याला खिलाडूवृत्तीसाठीचं कूबेर्तँ पदक मिळालं आणि 2016 ला रिओत ऑलिम्पिकची ज्योत त्यानेच पेटवली. छान झालं. तरी ते सुवर्णपदक नव्हतं. आणि त्या धर्मगुरूला काय सांगायचं होतं, हे तुमच्या ओळखीत कुणाला आठवतंय का विचारून बघा.

टेनिसपटू कोको गॉफचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी ऐकवेल. 2023 च्या यूएस ओपन उपान्त्य सामन्यात एकाने स्टँडमध्ये आपले पाय फरशीला गोंदाने चिकटवले आणि खेळ 49 मिनिटं थांबला. गॉफ नंतर म्हणाली, शांततेने केलेल्या निषेधाला माझा विरोध नाही. खरंच समंजस मुलगी. पण तिला ड्रेसिंग रूममध्ये जाऊन बसता आलं, परत येऊन तिथूनच खेळता आलं, आणि ती जिंकली. अर्धमॅरेथॉनमध्ये ‘तिथूनच पुढे’ असं काही नसतं. गार पडलेल्या पोटऱ्या पुन्हा चालू होत नाहीत.

एक उपयोगाची गोष्ट. ट्रॅकवरच्या शर्यतीत असा अडथळा आला तर रेफरी ती पुन्हा घ्यायला लावू शकतो. रस्त्यावर ते सहसा शक्य होत नाही. पण निवड समितीला लेखी कळवा, वेळ नोंदवणाऱ्या चिपच्या टप्प्याटप्प्याच्या वेळा जोडा. अडथळ्याआधीच्या पाच-पाच किलोमीटरचा वेग कागदावर दिसला की चार सेकंदांचं काय ते त्यांना दिसेल. मुलीला हे काम द्या. धुमसण्यातून निदान एक अर्ज तरी नीट निघतो.

प्रश्न : मागे एका उत्तरात तुम्ही ‘खेळ आणि राजकारण वेगळं करता येत नाही’ असं लिहिलं होतं. हे तुमच्यासारख्या, मैदानावर आयुष्य काढलेल्या बाईने लिहावं? खेळात राजकारण आणूच नये. — एक निवृत्त क्रीडाशिक्षक

उत्तर : सर, मैदानावर आयुष्य काढलं म्हणूनच लिहिलं.

1968 साली इंग्लंडच्या क्रिकेट संघात बेसिल डॉलिव्हेरा आहे म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तो संघ नाकारला. कारण त्याचा रंग. तेव्हा राजकारण मैदानात कुणी आणलं? त्यानंतर वर्णद्वेषविरोधी कार्यकर्ता पीटर हेन आणि इतरांनी 1970 चा दक्षिण आफ्रिकेचा इंग्लंड दौरा होऊ देणार नाही म्हणून रान उठवलं, आणि दौरा रद्द झाला. 1981 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ न्यूझीलंडला गेला. 25 जुलैला हॅमिल्टनमध्ये तीनेकशे लोक कुंपण पाडून मैदानाच्या मध्यावर हातात हात गुंफून उभे राहिले. सामना सुरूच झाला नाही. चिडलेल्या प्रेक्षकांनी त्यांच्यावर बाटल्या फेकल्या, बाहेर पडताना मारहाण केली. धोका कुणी पत्करला हे तिथे स्पष्ट होतं.

मात्र त्याच दौऱ्यात ऑकलंडच्या शेवटच्या कसोटीत एका छोट्या विमानाने मैदानावर पुन्हा पुन्हा खाली येत पिठाच्या पिशव्या टाकल्या. एक न्यूझीलंडच्या गॅरी नाइटला लागून तो कोसळला. वर्णद्वेषाविरुद्धचा लढा मला शंभर टक्के मान्य आहे, ते विमान नाही. भरल्या स्टेडियमवर इतक्या खाली उडणारं विमान एकदा कोसळलं असतं तर?

खेळपट्टी उखडण्याबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं आहे, तर त्याबद्दल. त्यात कुणाचं हाड मोडत नाही, हे खरं. 1975 ला इंग्लंडमधल्या हेडिंग्लेत, दरोड्यासाठी तुरुंगात असलेल्या जॉर्ज डेव्हिसला सोडा म्हणून रात्रीतून खेळपट्टी खोदली, तेल ओतलं. ऑस्ट्रेलिया 3 बाद 220, हव्या होत्या 445, आणि रिक मॅकॉस्कर 95 वर नाबाद. सकाळी सामना रद्द. (दुपारी पाऊस आला म्हणतात, म्हणजे तसाही अनिर्णितच राहिला असता. मॅकॉस्करला पाच धावा पुरल्या असत्या की!) डेव्हिस पुढच्या वर्षी सुटला, आणि नंतर बँकेवरच्या दरोड्यात पकडला गेला. आपल्याकडे 1991 ला वानखेडेची खेळपट्टी उखडली आणि पाकिस्तानचा दौरा बारगळला. 1999 च्या जानेवारीत फिरोजशाह कोटलाची उखडली, तेव्हा दौरा झाला. कसोट्यांचा क्रम बदलला, माळ्यांनी खेळपट्टी पुन्हा बांधली, आणि महिन्याभरात त्याच मैदानावर कुंबळेने 74 धावांत दहाच्या दहा बळी घेतले. त्या माळ्यांची नावं कुठल्या धावफलकावर नाहीत. ज्याचा दौऱ्याशी काडीचा संबंध नाही त्याचं महिन्यांचं काम रात्रीत मातीत घालायचं, हे मला पटत नाही, मागणी कुणाचीही असो.

आपलं एकमत होणार नाही, सर. पण पुन्हा लिहा.

प्रश्न : लॉर्ड्सवर इंग्लंडचा क्रिकेटपटू बेअरस्टोने आंदोलकाला उचलून बाहेर नेलं. प्रेक्षकांनीही असंच करावं का?

उत्तर : करू नये. 28 जून 2023 ला त्याने उचललेल्या माणसाच्या हातात नारिंगी पावडर निघाली आणि बेअरस्टोला फक्त कपडे बदलावे लागले. 30 एप्रिल 1993 ला हॅम्बुर्गमध्ये टेनिसपटू मोनिका सेलेसच्या खुर्चीमागे आलेल्या माणसाच्या हातात सुरी होती, आणि तो आंदोलकही नव्हता. लांबून दोघे सारखेच दिसतात. तुम्ही जागेवर राहा, ओरडून मार्शलला दाखवा, आणि वाट मोकळी ठेवा. मोबाइल उंच धरून पुढे सरकू नका. 2021 च्या टूर द फ्रान्सच्या पहिल्याच दिवशी एक बाई टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे बघत पुठ्ठ्याची पाटी घेऊन रस्त्यात पाऊलभर पुढे आली. टोनी मार्टिन पाटीला धडकला आणि त्याच्यामागे रस्ताभर सायकली आडव्या झाल्या. पाटीवर तिने आजी-आजोबांसाठी दोन शब्द लिहिले होते.